बाक गेले तेव्हा

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. पोलिसांच्या गाड्या अडवायला कुणीतरी आमच्या परळच्या शाळेतले बाक नेऊन रस्त्यात टाकले. एकही धड परत आला नाही. शाळा उघडली तेव्हा सहावीच्या वर्गात नुसती फरशी. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "बरंच झालं. आता जिला जिथे आवडेल तिथे बसा. गोल करा, भिंतीला टेका, हवं तर रोज जागा बदला."

आम्हाला खरंच वाटेना. दोन वर्षं हजेरीच्या नंबराने बसलेल्या मुली आम्ही. मग एकच पळापळ झाली. मी खिडकीखालची जागा पटकावली आणि शेजारी दप्तर ठेवलं, कौसल्येसाठी.

कौसल्या माझ्या बाकावरची. राहायला बीडीडी चाळीत, वडील गिरणीत, घरात बाबासाहेबांची तसबीर. तिचं नाव काढलं की माझी आजी नाक मुरडायची आणि मी आजीशी कडाकडा भांडायचे. मधल्या सुट्टीत माझ्यातली अर्धी पोळी रोज कौसल्येला द्यायचे. आपण केवढ्या मोठ्या मनाच्या, असं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू?

कौसल्या आली. तिने दप्तर पाहिलं, मला पाहिलं, आणि सरळ जाऊन दाराजवळ राधाशेजारी बसली.

तास कसला चालला होता ते कळलं नाही. सुट्टीची घंटा होताच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मी जागा धरली होती. दिसली नाही तुला?"

"दिसली."

"मग?"

"नंबर होता म्हणून बसत होते, नलू," ती शांतपणे म्हणाली. "दोन वर्षं तू मला देतेस. माझ्या डब्यातलं एकदा तरी खाल्लंस?"

मी आठवू लागले. आठवायला काही नव्हतंच. मला कुणी बजावलं नव्हतं, मीही कधी ठरवलं नव्हतं.

"मग दे की आज," मी तोऱ्यात म्हटलं आणि फतकल मारून बसले.

तिने डबा उघडला. भाकरी आणि लसणीची चटणी. एक तुकडा मोडून, चटणी लावून तिने माझ्यापुढे धरला. मला भूक लागली होती. लसणीची चटणी तर माझ्या आवडीची.

माझा हात मांडीवरून उचललाच जाईना. मी त्या हाताकडे बघत राहिले, माझाच होता तो.

कौसल्येने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो तुकडा तिने स्वतःच खाल्ला.