तिरकी चाल

ज्योत्स्नाच्या कोंबड्याचा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. बी.एस्सी.च्या मुलांना गर्भाची वाढ दाखवायला आणलेल्या अंड्यांपैकी एक फोडायचं राहून गेलं आणि एकविसाव्या दिवशी त्यातून पिल्लू निघालं. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ज्योत्स्नाला ते टाकवेना. पिपरी मेघ्यातल्या घरी आणून तिनं ते बल्बच्या उबेत वाढवलं, तळहातावरून कणी खाऊ घातली. माणसाचा धाक म्हणून त्याला ठाऊकच नव्हता, आणि याचंच तिला कौतुक.

शेजारच्या मंदाबाईंनी त्याच्या सोबतीला दोन कोंबड्या दिल्या. मंदाबाईंचं अर्धं आयुष्य हिंगणीत कोंबड्या पाळण्यात गेलेलं. रोज सकाळी त्यांची पाच वर्षांची नात आकांक्षा परसात यायची, खुराड्यात हात घालून अंडी काढायची आणि फ्रॉकच्या ओच्यात धरून ज्योत्स्नाला आणून द्यायची.

दसरा झाल्यावर एक दिवस कोंबडा ज्योत्स्नासमोर आला, एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती अर्धं रिंगण तिरकं चालला. तिनं वहीत तारीख घातली आणि लिहिलं, ‘प्रणयनृत्य’. पुस्तकात तसंच होतं. पुस्तकातला कोंबडा ते कोंबडीसमोर करत होता, एवढंच तिनं मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात तो तिच्याकडे एका डोळ्यानं बघत, काहीही न खाता, जमिनीवर टोचा मारू लागला. मानेची पिसं फुलवू लागला. पाण्याचं भांडं घेऊन ती आली की वाटेतून हलेना. तीच बाजूला व्हायची. सगळं वहीत नीट उतरत होतं.

कुंपणापलीकडून मंदाबाईंनी एकदा हे पाहिलं.

“मॅडम, कोंबडा तिरका चालून राह्यला तुमचा.”

“लाडात आलाय तो, मंदाबाई.”

“लाडात? तुमाले मापून राह्यला तो! अन् तुमी त्याले वाट देता. उचला, काखेत दाबून धरा, अख्ख्या परसात फिरवा. नाई तं बाजारात धाडा.”

ज्योत्स्ना हसली.

“काऊन हसता? मले पुस्तक नाई समजत, कोंबडा समजते.”

ही गोष्ट ज्योत्स्नानं दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितली. मंदाबाईंच्या बोलण्याची नक्कल करून सांगितली. सगळे पोट धरून हसले.

दिवाळीनंतरच्या सोमवारी आकांक्षा खुराड्यापाशी वाकली होती. ज्योत्स्ना दारात उभी. कोंबडा पंख घासत आला, तिरका चालला, थांबला, मान फुलवली. प्रत्येक पायरी ज्योत्स्नाला ओळखीची होती. पुढची कोणती, ते तिच्या वहीत नव्हतं. त्यानं उडी घेतली. पायामागचा काटा मुलीच्या डोळ्याखाली लागला.

दवाखान्यात चार टाके पडले. अर्धं बोट वर लागला असता तर डोळाच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ज्योत्स्नानं चादर टाकून कोंबडा पकडला आणि मंदाबाईंच्या दारात नेला.

“मंदाबाई, तुम्ही सांगितलं होतं.”

मंदाबाईंनी कोंबडा घेतला, त्याचे पाय एका मुठीत धरले. “पोट्टीले नका सांगजा याचं काय केलं ते,” एवढंच बोलल्या. म्हटलं होतं न मी, असं मंदाबाई त्या दिवशीही म्हणाल्या नाहीत आणि नंतरही कधी नाही. म्हणाल्या असत्या तर ज्योत्स्नाला बरं वाटलं असतं.

कोंबड्या तिनं परत केल्या. वही मात्र टाकता आली नाही.

आकांक्षा आता तिसरीत आहे. डोळ्याखाली पांढरी रेघ आहे. शाळेची वाट ज्योत्स्नाच्या फाटकावरूनच जाते. तिथं आली की मुलगी पलीकडच्या कडेला सरकते आणि एक डोळा फाटकावर ठेवून तिरकी तिरकी चालत पुढे जाते. परस केव्हाच रिकामं झालंय, हे ज्योत्स्नानं तिला दोनदा सांगून पाहिलं. मुलगी दोन्ही वेळा आणखीच मागे सरकली.

म्हणून आता दहाला दहा कमी असले की ज्योत्स्ना अंगणातून आत जाते, दार लोटून घेते, आणि पावलं पुढे जाईपर्यंत आतच थांबते.