उजव्या मांडीचा घेर

“पॅन्ट काढून स्टुलावर बसा,” डेपोचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खिशातून टेप काढली.

आमचे हे मुकाट्याने बसले. अठ्ठावीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. पाच महिन्यांपूर्वी डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. सात आठवडे पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टर कापलं तेव्हा आतून जे काही निघालं, ते बघून मी चक्क तोंड फिरवलं. क्लचचा पाय हो तो! दिवसातून हजारदा दाबलेला. त्याची पार काडी झाली होती.

रजा आज संपत होती. डॉक्टरांनी पास केलं तर उद्या बस हातात, नाही तर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसायचं. त्या खिडकीचं नाव काढलं तरी ह्यांचा घास अडकायचा. नियम असा, की दोन मांड्यांच्या घेरात दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. “काकू, स्नायूतले धागे मेलेले नाहीत, बारीक झालेत. काम नसलं की शरीर त्यांना पोसत नाही, उलट मोडून खातं. काम दिलं की तेच धागे परत जाड होतात. पण वाळायला पंधरा दिवस पुरतात, भरायला महिने लागतात. त्यात काकांची पन्नाशी उलटलेली.”

मी कारखान्यात गणवेश शिवते, त्यामुळे टेप घरातच. दर रविवारी डावी मांडी मोजायची. त्रेचाळीस. साडेत्रेचाळीस. पुन्हा साडेत्रेचाळीसच. ह्यांचा जीव टांगणीला. उजवी अठ्ठेचाळीस होती, ती मी एकदाच मोजली. धडधाकट पाय कोण कशाला मोजत बसेल?

“डावी चव्वेचाळीस,” डॉक्टर म्हणाले. अठ्ठेचाळीसला अजून चार कमी. संपलं सगळं. त्यांनी टेप उजव्या मांडीला गुंडाळली. “उजवी पंचेचाळीस. अरे वा! पास आहात की!”

पंचेचाळीस?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, कान लालबुंद. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्लास्टरनंतर गुडघा वाकू नये म्हणून डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंतचा ताठ पट्टा दिला होता. तो बंद होऊन दोन महिने झाले, तरी मी कामावरून आले की पलंगाखाली रोज नव्या जागी दिसायचा. उजव्या नडगीवर लाल वळ दिसले तेव्हा, “मोज्याचं इलॅस्टिक घट्ट आहे,” म्हणाले होते. मीही मूर्ख, नवे मोजे आणले.

“अहो,” मी हळूच विचारलं, “पट्टा चांगल्या पायाला बांधून बसत होतात?”

“गप्प बस. घरी गेल्यावर बोलू.”

म्हणजे खरंच! डावी भरत नाही, तर उजवी वाळवायची! काय म्हणावं या माणसाला! असा संताप आला, की रडूच फुटायचं बाकी राहिलं.

डॉक्टर आमच्याकडे पाठ फिरवून फॉर्म भरत होते. हे उठायला गेले आणि उठता येईना. दोन्ही हात मांड्यांवर टेकले, दात आवळले, कसेबसे अर्धे उठले, परत बसले. मग माझ्याकडे बघून मान हलवली. सांगू नकोस. या माणसाने आजवर माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

पण उजवा पाय ब्रेकचा असतो. भरलेली बस, उतार, आणि कुणी आडवं आलं तर?

“डॉक्टर, सही नका करू,” मी म्हणाले. “आधी त्यांना हात न टेकता उठायला सांगा.”

“अगं!” हे ओरडले.

डॉक्टर वळले. “उठा बघू. हात छातीवर ठेवा.”

हे वीतभर उठले. दोन्ही मांड्या लटलट कापायला लागल्या. धप्पकन खाली. पुन्हा तेच. “राहू द्या,” डॉक्टर म्हणाले, तरी तिसऱ्यांदा उठायला गेले. मग बसूनच राहिले.

“पट्टा बांधत होतो,” हे जमिनीकडे बघत म्हणाले. “उजव्या पायाला. सहा आठवडे.”

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी फॉर्मवर काट मारली. “आता दोन्ही पायांना सारखा व्यायाम. चार महिन्यांनी या.”

“आणि नाही भरले तर?”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

स्टॉपवर आम्ही एकमेकांपासून चार हात लांब उभे होतो. हे माझ्याशी पुन्हा कधी बोलतील की नाही, हेच मला कळत नव्हतं. बस आली. चालवणारा ह्यांच्याच बॅचचा. त्याने ह्यांना ओळखलं.

ह्यांनी दांडा धरला. पाय पायरीपर्यंत गेला, पण अंग काही वर उचलेना. मागून कुणीतरी म्हणालं, “चला हो काका!” हात पुढे करावा असं मला फार वाटलं, पण माझी हिंमत होईना.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

मग माझ्याकडे न बघता ह्यांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि सगळा भार टाकला. अठ्ठावीस वर्षांचा संसार, पण एवढा भार कधी टाकला नव्हता. मी पाय रोवून उभी राहिले.