जांभळ्या कापडाखाली

चर्चचं छत पडलं ते उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात. माणूस एकही जखमी झाला नाही, कारण आत माणूस एकही नव्हता. फादरांनी देवाचे आभार मानले आणि सगळ्या मूर्ती भाविकांच्या घरी वाटून टाकल्या. शिंपिणीच्या वाट्याला सुतार संत आले.

"तुमच्याकडे शांतता असते," फादर म्हणाले.

होती खरी. लकव्याने नवऱ्याची अर्धी बाजू आणि अख्खी जीभ नेली होती. तो डोळ्यांनी बोलायचा आणि डोळे सारखं काहीतरी मागायचे : पाणी, उशी, कूस, परत पाणी. शिलाई मशीनही त्याच खोलीत. फक्त उपवासकाळात नणंद रोज संध्याकाळी तासभर भावापाशी बसायची आणि शिंपीण चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन टेकायची. प्रार्थना वगैरे विशेष नाही. तिथे कोणी हाक मारत नसे, एवढंच. त्या तासावर ती वर्ष काढायची.

"आता चर्चच नाही, मग जायचंय कुठं?" नणंद म्हणाली. "देव घरी चालत आलाय. नशीब काढलंस, वहिनी."

"चालत नाही, ताई. टेम्पोतून आलाय. खालून मीच धरला होता."

उपवासकाळाच्या शेवटी मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायची रीत. ती कापडं शिंपीणच शिवायची. यंदा धूळ नको म्हणून संत झाकूनच आले आणि मशीनशेजारच्या कोपऱ्यात उभे राहिले. गल्लीतली माणसं येऊ लागली. यायची संतांकडे, चहा मागायची तिच्याकडे. उपवास आहे, बिस्किटं नकोत, असं सांगून एकाने दुसरा कप घेतला.

एका संध्याकाळी दूध संपलं आणि तिच्यातलंही काहीतरी संपलं. तिने संतांना कमरेत धरून उचललं. प्लास्टरचे, आतून पोकळ. नवऱ्याची कूस बदलण्यापेक्षा सोपं. त्यांना न्हाणीघरात बादलीशेजारी उभं करून दार लोटलं, आणि कोपऱ्यात स्टूल ठेवून त्यांचं कापड अंगावर ओढून स्वतःच बसली.

कापड स्वस्तातलं, आतून बाहेरचं दिसायचं. नवरा बघत होता. त्याची चालती भुवई वर गेली. मग त्याने डोळे मिटून घेतले. काही मागितलं नाही.

चपला वाजल्या. नणंद आली.

"वहिनी कुठाय?"

नवऱ्याचा चालता हात उठला. शिंपिणीने श्वास धरला. हात न्हाणीघराकडे वळला.

नणंदेने दार किलकिलं केलं. अंधारात कोणीतरी पाठमोरं उभं होतं. तिने दार पुन्हा लोटलं. "चहा तरी टाकून जायचं होतंस."

संत काही बोलले नाहीत.

"बघ. उत्तर द्यायचीसुद्धा तसदी नाही."

मग ती कोपऱ्यासमोर कण्हत गुडघ्यांवर बसली.

"बाबा रे, तुझे उपकार," ती हळूच म्हणाली, "ही बाई आहे म्हणून. नसती तर हे सगळं माझ्या गळ्यात पडलं असतं. मी तर पहिल्याच महिन्यात पळाले असते. तिला ठणठणीत ठेव. पळायची बुद्धी देऊ नकोस."

लग्न झाल्यापासून या घरात शिंपिणीचे आभार कोणी मानले नव्हते. आज मानले, तर ते सुताराच्या पत्त्यावर आले. ती हलली नाही. डोळ्यांपाशी कापड ओलं झालं, तेवढंच.

नणंदेने वर पाहिलं. ओले डाग खाली पसरत होते.

ती गल्लीला बोलवायला धावली, तेवढ्यात शिंपिणीने संतांना परत जागेवर आणून झाकलं. नवऱ्याचं अर्धं तोंड हसत होतं. कितीतरी महिन्यांनी.

"संत रडले," नणंद सगळ्यांना सांगत होती. "माझ्यासमोर. तू कुठं होतीस, वहिनी? आणि गालाला काय लागलंय जांभळं?"

"न्हाणीघरात होते, ताई. तुम्हीच नाही का बोललात माझ्याशी?"

दुसऱ्या दिवसापासून नणंद रोज आली, वेळेआधी. संत परत रडले तर ती समोर हवी होती. चहाही तीच टाकायची, भावालाही तीच बघायची. "तू जा कुठंतरी," ती शिंपिणीला म्हणायची, "तुझ्यासमोर ते रडत नाहीत."

शिंपीण चर्चमध्ये गेली. शेवटचा बाक ढिगाऱ्यातून वाचला होता. तो पदराने पुसून ती बसली. वर छत नव्हतं, हाक मारायला कोणी नव्हतं. ईस्टरला इथंच मांडव घालून संतांना परत आणणार होते, म्हणजे नणंदही जाणार होती.

आभार मानावेत असं तिला वाटलं. कोणाचे, ते ठरेना. शेवटी तिने सुताराचेच मानले. त्या संध्याकाळी तिची बोलणी त्याने खाल्ली होती.