गवसणीत काढलेली दोन वर्षे

मित्रांनो, मी एक दुनळी बंदूक आहे आणि मला राग आलेला आहे. तो लपवून गोड बोलणे मला जमत नाही. बंदुकांच्या मानाने मी अजून लहान आहे. माझे वय अवघे सहा वर्षे. तरी माझी उजवी नळी आता कायमची बंद झाली आहे. हे कुणा शत्रूने केले असते तर मी एकदा चिडून गप्प बसले असते. पण हे माझ्यावर जीव असलेल्या माणसाने केले.

त्याचे नाव गॉर्डन हाकाला. सुपीरियर सरोवराच्या काठी, मिशिगनच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात त्याला सगळे गॉर्डी म्हणतात. कागदाच्या गिरणीत त्याने एकोणचाळीस वर्षे काढली. तिथल्या यंत्रांच्या आवाजाने त्याचा एक कान नेला. शिकारीला तो वडिलांची जुनी बंदूक वापरायचा. ती उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली होती आणि गॉर्डी डावखुरा. दर हिवाळ्यात तो चांगल्या बंदुकांची चित्रे असलेली पुस्तके चाळायचा आणि मिटून ठेवायचा. तो निवृत्त झाला तेव्हा गिरणीने केक कापला आणि त्याला एक जाकीट दिले. तेही एक माप मोठे निघाले.

त्या दिवशी त्याची बायको आर्लीन म्हणाली, "आता तरी मागव ती बंदूक. नाहीतर तुझी सगळी पुस्तकं सौनाच्या न्हाणीतल्या भट्टीत घालते बघ."

"अगं, इतकी भारी कशाला? ती साहेब लोकांची वस्तू."

"एकोणचाळीस वर्षं साहेब लोकांचं ऐकलंस ना? आता माझं ऐक."

मग एका कारागिराने गॉर्डीच्या हाताची लांबी, गालाची उंची, खांद्याचा उतार, सगळी मापे घेतली. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडातून कोरला आणि त्याला डावीकडे थोडा कल दिला. मला तयार व्हायला अकरा महिने लागले. दुसऱ्या कुणाच्या खांद्याला मी नीट बसतच नाही. अशी मी एका माणसापुरती जन्मले.

गावात माझे फार कौतुक झाले. ते कौतुक मला तेव्हाही आवडले नव्हते. जो तो म्हणायचा, "छे छे, ही रानात न्यायची नाही. काचेच्या कपाटात ठेवायची." आमच्याकडे अशा बंदुकांना कपाटाची राणी म्हणतात. सांगा, ज्याचे काम काढून घेतले त्याला राणी म्हणायचे, हा कुठला मान?

गॉर्डीने मात्र कुणाचे ऐकले नाही. ऑक्टोबरमध्ये पोपलरच्या झाडांची पाने पिवळी झाली की तो मला घेऊन तितरांच्या मागे निघायचा. पुढे डॉली, त्याची शिकारी कुत्री. मागे थर्मास घेतलेली आर्लीन. बरोबर शेजारचा डेल. पहिल्याच दिवशी पाऊस लागला तेव्हा डेल ओरडला, "अरे, नवरीला भिजवतोस काय? घरी ने तिला!"

"भिजायलाच आणली आहे," गॉर्डी म्हणाला.

कुंपण ओलांडताना तो मला उघडून काडतुसे काढून घ्यायचा. मी रिकामी असले तरी माझे तोंड कुणाकडे वळू द्यायचा नाही. घरी आल्यावर स्वतःचे ओले मोजे काढण्याआधी मला पुसून तेल लावायचा. एकदा तारेने माझ्या दस्त्यावर ओरखडा काढला. तो त्याने गावभर दाखवला. चार शरद ऋतू मी असे काम केले.

माझी गवसणी आर्लीनने शिवली होती. बाहेरून जाड किंतान, आतून मेंढीची लोकर, तोंडाला बांधायची दोरी. ती गाडीतल्या प्रवासापुरती होती. बंदूक ओली असो वा कोरडी, लोकरीत घालून कधी ठेवून द्यायची नाही, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. लोकर पाणी धरते आणि पाणी लोखंड खाते.

चौथ्या वर्षी हंगामाच्या शेवटी आम्ही ओल्या बर्फात सापडलो. गॉर्डीची बोटे बधिर झाली होती. म्हणून आर्लीननेच मला गवसणीत घातले आणि दोरीची गाठ मारली. घरी पोचतो तोच ती म्हणाली, "गॉर्डी, माझा हात मला माझा वाटत नाहीये." मला तळघरातल्या कपाटात तसेच उभे करून तो तिला घेऊन इस्पितळात गेला. नवव्या दिवशी आर्लीन गेली.

मित्रांनो, त्या नऊ दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतरच्या महिन्याबद्दलही नाही. पण पुढे दोन वर्षे? दर रविवारी तो तळघरात उतरायचा, कपाट उघडायचा, त्या गाठीवर अंगठा ठेवून उभा राहायचा आणि कपाट लावून वर जायचा. ती तिने मारलेली शेवटची गाठ होती, म्हणून तो सोडत नव्हता. दोन बोटांच्या अंतरावर मी सडत होते. आधी नळ्यांवर तांबूस ठिपके आले. मग बर्फाचे पाणी उजव्या नळीत साचून ती आतून खाऊ लागले. बंदुकीला हाक मारता येत नाही. येत असती तर मी ते घर डोक्यावर घेतले असते.

ऑक्टोबर आला की डॉली दारात बसून रानाकडे बघायची. तिला त्याने डेलबरोबर शिकारीला पाठवून दिले. वरचे बोलणे मला जिन्यावरून ऐकू यायचे.

"गॉर्डी, हंगाम सुरू होऊन आठवडा झाला."

"गुडघा दुखतोय रे."

"गेल्या वर्षी डावा दुखत होता. आता उजवा धरलास?"

"दोन्ही दुखतात. तू जा."

दुसऱ्या वर्षी थंडी सुरू होण्याआधी तळघरातली घर तापवणारी भट्टी बिघडली आणि डेल ती बघायला खाली आला. तो रविवार होता, म्हणून उघड्या असलेल्या कपाटात त्याला गवसणी दिसली. किंतानावर तपकिरी डाग फुटला होता.

"ही यातच आहे? तेव्हापासून?" डेलचा आवाज चढला. "गॉर्डी, तुला कळत नाही का? तुला?"

"हात लावू नकोस. गाठ तिची आहे."

"गाठ तिची. आणि आत कोण आहे? तीसुद्धा तिनेच घ्यायला लावली ना तुला?"

"निघ इथून."

"निघतो. पण आर्लीनने हे बघितलं असतं तर तुला बाहेर बर्फात उभं केलं असतं."

डेल पाय आपटत गेला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. दोन वर्षांत माझ्या बाजूने बोललेला तो पहिला माणूस.

गॉर्डी पायरीवर बसला. मग त्याने मला मांडीवर घेतले. आधी त्याने खिशातला चाकू काढला आणि गवसणीची खालची बाजू चाचपली. तिथून कापले म्हणजे गाठ तशीच राहील. पण तिथेही टाके तिचेच होते. चाकू त्याने मिटला. मग तो नखांनी गाठ सोडवू लागला. दोरी भिजून, सुकून दगडासारखी झाली होती. अर्धा तास लागला. सुटली तेव्हा तो मोठ्याने, लहान मुलासारखा रडला. मला बाहेर काढल्यावर पुन्हा रडला. या वेळी माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाईंनी माझ्या नळ्यांत दिवा घालून पाहिले. "डावी वाचली," त्या म्हणाल्या. "उजवी आतून खोल खाल्ली गेली आहे. तीत काडतूस घालायचं नाही, कधीच नाही. कुणी ठेवली होती अशी?"

"मी," गॉर्डी म्हणाला.

त्यांनी दिवा विझवला आणि पावती लिहायला घेतली. मी त्याला चांगले सुनावले असते.

आठवड्याने डेल पुन्हा दारात आला. रानाच्या वाटेवर मला उघडून गॉर्डीने फक्त डावीकडे काडतूस भरले.

"एकच बार?" डेल म्हणाला. "एवढ्यात काय होणार?"

"नीट बघून काढायचा."

नीट बघूनही त्याने काढलेला बार हुकला. तितर उडाले, डेल हसला, डॉलीने आम्हा सर्वांकडे तुच्छतेने पाहिले. गॉर्डीने घरी येऊन मला पुसले, तेल लावले आणि कपाटात गवसणीविना उभे केले. गवसणी आता खुंटीवर कोरडी लटकते.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्या घरातही एखादे गाठोडे असेल, एखादी पेटी, एखादा डबा. गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने बंद केलेला. तुमच्या मोठ्यांचा धीर होत नसेल तर त्यांच्याजवळ बसा, पण तो उघडायला लावा. त्याला ऊन दाखवा. रडायचे असेल तर उघडल्यावर रडा. तोवर आतल्या वस्तूने वाट बघत बसायचे, हा अन्याय आहे. मी तो सोसला आहे.