रविवारचा झगा

"अहो आई, अजून जीव आहे त्यांच्यात," दोनाता म्हणाली.

"आहे ना. मी कुठं नाही म्हणते?" सासूबाई रोकिना हंड्यातलं काळं पाणी काठीनं ढवळत होत्या. "पण रंग चढायला दोन तास लागतात. ती गेल्यावर का चूल फुंकत बसायचं? दारात माणसं जमतील तेव्हा कपडे वाळलेले हवेत."

पलीकडच्या गल्लीत व्हीताआत्या, म्हणजे दोनाताच्या सासऱ्यांची बहीण, दोन दिवस डोळे मिटून पडल्या होत्या. पाद्री मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेला होता. त्या गेल्या की घरातल्या बायकांवर आणखी दोन वर्षं दुखवट्याचे काळे कपडे. आणि दोनाताचं काळं येत्या रविवारी उतरायचं होतं. पोटुशी होती तेव्हा वडील गेले, त्यांचा दुखवटा फिटत येतो तोच दीर गेला. चार वर्षं झाली. अजून तीन दिवस आत्यांनी तग धरावा, एवढंच मागणं तिनं मेरीमातेपुढे मांडलं होतं, आणि ते मागताना तिला स्वतःची लाज वाटली होती.

"पेटीच्या तळाचा तो आण," सासूबाई म्हणाल्या.

"कुठला?"

"आता कुठला! हिवाळाभर दार लावून शिवत होतीस. मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

दोनाता चुलीतली लाकडं पुढे सारू लागली.

"अंगावरचा तुझा काळा विटून तपकिरी झालाय. प्रेतामागून तसली चाललीस तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल. कापड चांगलं आहे, दोन वर्षं पेटीत कसर खाईल त्यापेक्षा..."

"तो रविवारसाठी आहे, आई."

"माझाही होता एक रविवार," सासूबाई काठी न थांबवता म्हणाल्या. "त्याच्या आधीच्या गुरुवारी सासरा गेला. जा, आण. पाणी उकळलंय."

दोनाता वर आली. लेक मिम्मा पलंगावर झोपली होती. पेटीतून झगा काढला तशी कोऱ्या कापडाची खळ बोटांना लागली. कापड नवऱ्यानं, कानियोनं, तुरीनहून पाठवलेलं, फिकट निळं, त्यावर बारीक पांढरी फुलं. बेतणी पोटेन्झाच्या बाजारात घेतलेल्या मासिकातली. कंबरेला घट्ट, खाली छत्रीसारखा घेर, आणि त्याच कापडानं मढवलेला पट्टा. घेराची दुमड तिनं तीनदा उसवून घातली होती.

एकदाच, तिनं स्वतःला सांगितलं, आणि तो अंगात चढवला.

आरसा हातभर होता, त्यात नुसती कंबर दिसत होती. तिनं गिरकी घेतली. घेर फुलला, आणि ती थांबल्यावरही क्षणभर फिरत राहिला.

पलंगावरून किंकाळी आली.

"आई! आई कुठंय?"

"अगं मीच. मिम्मा, बघ ना, आईच."

पोर भिंतीला चिकटली. हात पुढे केला तशी लाथा झाडू लागली. "तू नाहीस! तू जा! आईला आण!"

जन्मापासून साडेतीन वर्षं तिनं दिवसाउजेडी आई पाहिली होती ती काळ्यात. दोनातानं घाईघाईनं पट्टा सोडला, झगा उतरवला, विटका काळा डोक्यावरून ओढला. मिम्मा हुंदके देत आली आणि त्या कापडात तोंड खुपसून बसली.

झगा घेऊन दोनाता आपल्या पायांनी खाली आली. सासूबाईंनी पोरीच्या रडण्याचं कारण विचारलं नाही. झगा हंड्यात टाकला तर घेरात हवा भरली; दाबावा तिथं बुडे आणि दुसरीकडून निळा फुगा वर येई. शेवटी सासूबाईंनी काठी तिच्याच हातात दिली.

संध्याकाळी शेजारची जेरार्दा धापा टाकत दारात आली. "ऐकलंत का? म्हातारीनं डोळे उघडले! रस्सा मागितला. वर म्हणते कशी, 'यात मीठ कोणी चोरलं?'"

सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. "देवाची कृपा," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर दोरीकडे गेली. झग्यातून काळे थेंब फरशीवर गळत होते.

रविवारी आत्या उशाला टेकून बसल्याची खबर आली. सासूबाईंनी पहाटे उठून झग्याला स्वतः इस्त्री केली होती. तो पलंगावर पसरत त्या म्हणाल्या, "तुझं काळं आजपासून सुटलं. हवं ते घाल." आणि तिच्याकडे न बघताच जिना उतरल्या.

पलंगावर तो एकच होता. दोनातानं तो घातला, पट्टा आवळला. माप चुकलं नव्हतं. फुलं कापड उजेडात तिरपं धरलं तरच दिसत होती.

खाली मिम्मा दुधात पाव बुडवत होती. दोनाता शेवटच्या पायरीवर थांबली, पुढे झाली नाही. मिम्मानं मान वर केली, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "दूध गार झालं."