हीटर पुन्हा विझला

आयला, त्या हीटरनं माझी पार इज्जत काढली होती. बहारीनला मुहर्रकच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, हुसेन मेस्त्री म्हटलं की बंद पडलेल्या बोटीचा मालकही निर्धास्त होऊन चहा प्यायला जातो. गंजलेली, बुडालेली, लोकांनी भंगारात काढलेली एंजिनं मी चालू करून दिलीत. आणि इथं एक टीचभर गॅसचा हीटर मला नाचवत होता. सकाळी पेटवून कामावर जायचो, संध्याकाळी येऊन बघतो तर हा गार पडलेला आणि शरीफा गोधडी लपेटून कोपऱ्यात बसलेली.

"अहो, परत विझला बघा," ती म्हणायची.

बहारीनमध्ये हीटर कशाला, असं गावचे लोक विचारतात. त्यांना वाटतं इथं बाराही महिने माणूस भाजून निघतो. अरे बाबांनो, जानेवारीत पाण्यावर राहून बघा एकदा. आम्ही बोटीवर राहत होतो. बुसैतीनच्या पुढं समुद्रात भर घालून एक बेट केलंय, तिथल्या बंगल्यांच्या मागून कालवा जातो, त्या कालव्यात ही बोट बांधलेली. पहिला मालक इंग्रज. त्याच्या मुलखात लोक कालव्यावर लांबट बसक्या बोटीत संसार थाटतात म्हणे, म्हणून हौसेनं इथं तशीच बांधून घेतली आणि हीटरही तिकडूनच आणला. तो गेला, बोट फहादनं घेतली. फहाद बहारीनी, मोठ्या मनाचा माणूस. मला म्हणाला, हुसेन, तू तिच्यावर राहा आणि तिची काळजी घे. बोट लोखंडाची. उत्तरेचा वारा सुटला की भिंतींना घाम फुटतो आणि अंथरूण ओलं लागतं. विजेचा हीटर लावावा तर धक्क्यावरचा फ्यूज उडतो. म्हणजे काय, त्या इंग्रजी खटाऱ्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी एकटा होतो तोवर थंडीचं काही वाटलं नाही. दोन स्वेटर घातले की झालं. पण या हिवाळ्यात शरीफा आली होती.

शरीफुन्निसा माझी बायको. लग्न झालं तेव्हापासून मी आखातात आणि ती दापोलीकडं, खाडीकाठच्या आमच्या गावात. सुट्टीला जायचो, बॅगा उघडायचो, जरा सूर जुळतोय तोवर परत निघायची वेळ व्हायची. मुस्कान झाली, शिकली, लग्न होऊन चिपळूणला गेली. घरात शरीफा एकटी उरली तेव्हा मी म्हटलं, आता तू ये. गावात मला काम कोण देणार? इथं हात चालतायत तोवर चालवतो, पण दोघं एकत्र राहू. किती दिवस नुसतं फोनवर नांदायचं? ती पुष्कळ दिवस विषय बदलत राहिली. मग म्हणाली, "एक हिवाळा काढून बघते. जमलं तर राहीन."

ते "जमलं तर" मी धरून बसलो. केबिनला रंग दिला, खिडक्यांना पडदे शिवून घेतले, तिचा हात पोचेल अशा उंचीवर फळी ठोकली. फहाद म्हणाला, हिवाळा निघू दे, तिच्या व्हिसाचं मी बघतो, इंशाल्ला. सगळं ठरल्यासारखं होतं. हिवाळा तेवढा निघायला हवा होता, आणि तो त्या हीटरवर अडला होता.

आता हीटरचं यंत्र काय, काही रॉकेट नाही. नॉब दाबून धरायचा, बारकी ज्योत लावायची. ज्योतीला चिकटून तांब्याची एक काडी असते, ती तापली की गॅस चालू राहतो. ज्योत गेली की काडी गार होते आणि गॅस आपोआप बंद. झोपेत कुणी गुदमरून मरू नये म्हणून ही सोय. मी आधी काडी पॉलिश पेपरनं घासली. दुसऱ्या दिवशी विझला. ज्योतीचं भोक बारीक तारेनं साफ केलं. विझला. रेग्युलेटर बदलला, नळी बदलली, सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा येईल तर शपथ. विझला. मग वाटलं, दिवसा वारा जास्त, धुराड्यातून आत घुसत असेल. पत्र्याची टोपी बनवून धुराड्यावर बसवली. वर्कशॉपमधली पोरं हसली, मेस्त्री बोटीला टोपी घालतोय म्हणून. तरी विझलाच.

आणि गंमत अशी की मी समोर असलो की हा मेला शहाण्या पोरासारखा जळायचा. रात्रभर जळायचा. मी पाठ फिरवली की मफी, ज्योत गायब. असा बिघाड सगळ्यात वाईट. बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं, नाटकं करणाऱ्या यंत्राला काय करणार?

मुस्कान रोज फोनवर माझी खरडपट्टी काढायची. "अब्बा, अम्मी कुडकुडतेय तिथं. जगाच्या बोटी दुरुस्त करता, एक हीटर होत नाही तुम्हाला?"

मी ऐकून घ्यायचो. शरीफा गप्प असायची ते मला दिसत होतं. जेवायला वाढायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची, बस. मी केबिनमध्ये आलो की ओढणी सावरायची. कपडे बदलायचे तर दिवा घालवून. मी चिडवायचो, "काय नवी नवरी आहेस काय?" ती हसायची, पण तोंडापुरतं. मला वाटलं, थंडीनं आखडलीय. एकदा बोट ऊबदार झाली की खुलेल. अक्कल बघा माझी.

त्या शुक्रवारी नमाज झाल्यावर मी शहरात, गुदैबियात गेलो. शुक्रवारी माझं ठरलेलं असतं, तिथं जेवायचं, गाववाल्यांशी गप्पा मारायच्या आणि संध्याकाळी परतायचं. पण तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला हुबेहूब तशीच काडी मिळाली, कोरी, डबीतली. मी जेवणाचं नाव काढलं नाही. तडक टॅक्सी केली. इतकी घाई मला पहिल्या सुट्टीला गावी जातानाही झाली नसेल.

धक्क्यावर पोचलो आणि सवयीनं आधी धुराड्याला हात लावला. गरम होतं. म्हणजे हीटर चालू होता. म्हटलं, वा! आणि पडद्याच्या फटीतून आत बघितलं.

शरीफा उठली. हीटरपाशी वाकली, नॉब फिरवला आणि बंद केला. अगदी सहज, रोजचं काम असल्यासारखं. मग गोधडी ओढून घेतली, फोन समोरच्या फळीवर टेकवला आणि गोदाबाईला व्हिडिओ कॉल लावला. गोदाबाई म्हणजे आमची शेजारीण. दोघींची परसं एकाला एक लागून.

"विझवलास काय गो आजचा?" गोदाबाईनं विचारलं.

"विझवला," शरीफा म्हणाली, आणि दोघी हसल्या. शरीफा पोट धरून हसली. तिला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. तिचा एक दात किडून पडलाय हेही मला तेव्हा कळलं.

"अगो, पण गारठून मरशील. त्यापेक्षा सरळ सांग की त्यांना, नाही राहायचं म्हणून."

"कसं सांगू गो? पडदे शिवलेत त्यांनी माझ्यासाठी. माणूस चांगलाय. कधी आवाज चढवला नाही की काही कमी केलं नाही. पण मला इथं परक्याच्या घरात उतरल्यासारखं होतं. ते आले की मी आखडते. काय बोलावं सुचत नाही. रात्री कूस बदलायची तरी विचार करते. थंडी सोसली नाही म्हटलं म्हणजे त्यांनाही लागणार नाही, लोकांनाही काही बोलायला नको."

"आणि ते काम सोडून इकडंच आले तर?"

शरीफा गोधडीचा धागा ओढत बसली. मग म्हणाली, "सुट्टीला येतात तेव्हा बरं वाटतं गो. खरंच बरं वाटतं. जायची तारीख ठरलेली असते ना."

आधी माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, आत जावं आणि ती डबी तिच्यासमोर आपटावी. मला येडा बनवते? सगळ्या धक्क्यावर माझं हसं झालं, ते हिच्यापायी? पण मी बाजूच्या बोटीच्या दोरखंडावर बसलो आणि मग रडायला आलं. एवढा बाप्या माणूस, भर दुपारी, शेजारच्या बंगल्याचा माळी बघत होता. रागवायचं तरी कुणावर? तिनं मला फसवलं ते माझं मन राखायला. थंडीत कुडकुडत बसायची, पण मला तोंडावर नको म्हणवत नव्हतं तिला. यापेक्षा तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन संपल्याचं ऐकू आलं तेव्हा मी उठलो, धक्क्यावर मुद्दाम पाय आपटत गेलो आणि खोकलो.

"आज लवकर?" ती दचकली. मग म्हणाली, "अहो, परत विझला."

मी हत्यारांची पेटी उघडली. हीटर खोलला, आतलं सगळं एकेक काढून फडक्यावर मांडलं. सगळं ठणठणीत होतं, नव्या काडीची गरजच नव्हती. ती बाजूला बसून बघत होती. मी कपाळावर हात मारला.

"खलास," मी म्हटलं. "आतला व्हॉल्व्हच गेलाय. हा आता मिळत नाही. कंपनीच बंद झाली."

"होणारच नाही?"

"नाही होणार. मी हरलो, शरीफा. या थंडीत तुला ठेवणं बरं नाही. तिकीट काढतो."

ती खाली बघत "बरं" म्हणाली. पण तिचे खांदे सैल पडले, ते मी बघितलं.

पुढच्या गुरुवारचं तिकीट मिळालं. आणि काय सांगू तुम्हाला, त्या संध्याकाळपासून माझी बायको बोलायला लागली. कालव्यात मासे कुठले आहेत विचारलं. कोलंबीचं कालवण केलं, वर्कशॉपमधल्या पोरांसाठी डबा भरून दिला. गावात कुणाची म्हैस कुणाच्या वाडीत शिरली आणि त्यावरून कशी पंचायत बसली, ते नकला करून सांगितलं. हीटर बंद, बोट गार, म्हणून एकाच गोधडीत झोपायची. माझे पाय गार लागले तर ओरडायची, "अहो, बर्फ आहे काय!" मी हसायचो. जी बाई मी आयुष्यभर मागितली होती ती माझ्याशेजारी होती, कारण ती जाणार होती. मनात यायचं, म्हणावं, राहा ना. पण बोललो असतो तर ती पुन्हा ओढणी सावरून बसली असती. म्हणून गप्प राहिलो आणि म्हशीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

बुधवारी दुपारी ती भाकऱ्या थापत होती तेव्हा मुस्कानचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"अब्बा, मला सुचलंय! गुदैबियात खोली घ्या. सगळी आपली माणसं, बाजार दाराशी, वीज आहे, हवा तो हीटर लावा. अम्मीचं तिकीट रद्द करा. हे आधीच कसं नाही सुचलं तुम्हाला?"

मी शरीफाकडं बघितलं. तिचा हात भाकरीवर थांबला होता. तिच्या तोंडावर भीती होती, साधी उघडी भीती, दार बंद होताना बघावं तशी.

"नाही जमणार," मी म्हटलं. "मला बोट सोडायची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सोडायची. मला इथंच झोप लागते. तुझ्या अम्मीला सोसत नसेल तर तिनं गावी राहावं. मी काय बांधून ठेवलंय तिला?"

मुस्कान म्हणाली, "अम्मी तिथं आहे?"

"आहे."

"तिच्यासमोर बोलताय हे? आयुष्यभर तुमची वाट बघत बसली ती, आणि तुम्हाला एक भंगार बोट सोडवत नाही? मला फोन करू नका, अब्बा. खरंच करू नका."

फोन कट झाला. माझी पोर माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. शरीफानं गॅस बंद केला.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या शुक्रवारी तुम्ही किती वाजता आला होता?"

"किती म्हणजे? आलो तेव्हाच की. तू बघितलंस ना."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाली बसली आणि पिठाच्या हातांनीच ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. मी जवळ जाऊन बसलो. तिच्या ओढणीला लागलेलं पीठ झटकत राहिलो.

"मी फोन करते मुस्कानला," ती म्हणाली. "तुमचा काही दोष नाही म्हणून सांगते. खरं काय ते सांगते."

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "उद्यापासून तुला तिचाच आधार आहे. ती तुझ्यावर रागावली तर तू कुणाकडं बघशील? माझ्यावर रागावू दे तिला. मी तसाही लांबच असतो."