दस्त्याखालची चिठ्ठी

आम्ब्रोस हेर्गरने बंदुकीवरचा नंबर वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला. मला वाचायची गरज नव्हती. आमच्या गावच्या नेमबाजी मंडळाची वही चाळीस वर्षं मीच लिहितोय. कुणाची बंदूक कुठली, कोण किती वेळा चुकला, सगळं तोंडपाठ.

"हीच," तो म्हणाला.

"असेना का. तुला समोरचं चर्च दिसत नाही, बंदूक काय वालाच्या वेलाला आधार द्यायला?"

लुत्सेर्नला जुन्या शस्त्रांचा बाजार भरला होता. टेबलामागच्या बाई मोजा विणत होत्या. "बोल्ट ओढून बघा काका, लोण्यासारखा जातो."

आम्ब्रोसने गोळी आत सारणारा बोल्ट मागे ओढला, उजेड परतवायला नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं आणि पुढून नळीत पाहिलं. नळी स्वच्छ होती.

"चारशे वीस फ्रँक," बाई म्हणाल्या.

"दस्ता खालून उंदरांनी खाल्लाय," मी म्हटलं.

"उंदीर कसले, खिळ्यांचे बूट दस्त्यावर आपटून बर्फ झाडायचे सैनिक! सैन्यातला माल आहे हो, लग्नातला आहेर नाही."

ही आम्ब्रोसचीच बंदूक. नोकरीची वर्षं भरल्यावर सैन्याने त्याला देऊन टाकली, आणि तिच्यावरच त्याचा मुलगा लिनुस नेम धरायला शिकला. दस्त्याच्या टाचेला लोखंडी पट्टी असते, दोन स्क्रूंची. तिच्याखाली सैनिक नाव-पत्त्याची चिठ्ठी सारून ठेवत. सोळा वर्षांच्या लिनुसनेही ठेवली, हाताने झाकून लिहिलेली.

"काय लिहिलंस रे?"

"तुम्ही नाही बघायचं, बाबा."

एकोणिसाव्या वर्षी वरच्या कड्यावर गवत कापताना लिनुसचा पाय घसरला. दीड महिन्याने आम्ब्रोस बंदूक घेऊन माझ्याकडे आला. "वीक, पॉली. मला दिसायला नको." विकली. चिठ्ठी त्याला आठवली ती नंतर. तेव्हापासून सव्वीस वर्षं तो दर बाजाराला येतो आणि टेबलांवरचे नंबर वाचत फिरतो. सोबतीला मी.

बाईंनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "घेण्याआधी उघडून बघा हवं तर. चिठ्ठी निघते कधीकधी."

आम्ब्रोसने तो पहिल्या स्क्रूत बसवला. पट्टीखाली काही नव्हतं आणि ते मला एकट्याला माहीत होतं. विकण्याआधी बंदूक साफ करून जुन्या मालकाचं नाव काढून टाकायची मंडळाची पद्धत. मी पद्धतीने काम केलं. लिनुसची चिठ्ठी वाचली, हसलो, मग ज्या पोरासाठी हसलो त्याला मातीत ठेवून दीडच महिना झालाय हे आठवलं. बापाच्या हाती पडली तर तो उभा राहणार नाही असं वाटलं. शेगडी पेटलेलीच होती.

सव्वीस वर्षांत सांगायला हजार संधी आल्या. दर वेळी मी काहीतरी विनोद केला.

"पॉली," आम्ब्रोस म्हणाला, "नसली तर?"

"तर घेऊ नकोस."

"आणि असली तर? एकदा वाचली की झालंच ना. त्याचं माझ्याशी बोलणं एवढंच राहिलंय." त्याने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "राहू दे बंद. बाई, कागद करा."

"न बघताच?" बाई हसल्या. "असं गिऱ्हाईक रोज मिळो."

घासाघीस करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. आम्ब्रोसने सही केली आणि बंदूक कापडात गुंडाळली. बाहेर थांब्यावर ती त्याने मांडीवर आडवी घेतली. तळवा पट्टीवर दाबलेला. बस येईपर्यंत त्याने तो उचलला नाही.

"फार गोड बंदूक," तो म्हणाला. "एकच खोड, पहिल्यापासून गोळी डावीकडे ओढते."

लिनुसचं अक्षर माझ्या डोळ्यांपुढे तसंच्या तसं उभं राहिलं: 'बंदूक सरळ आहे. डावीकडे जातात ते बाबा. त्यांना सांगू नका.'

"हो," मी म्हटलं. "डावीकडेच ओढते."